तेविसाव्या खान्याला खूण नव्हती

खाना १ · खूण: दाखव

जुनी वही म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पिवळी पानं येतील, उसवलेली शिवण येईल, मागच्या पानावरचे शाईचे डाग येतील. मित्रांनो, माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी संगणकात राहणारी वही आहे. माझं वय दोन वर्षं. संगणकात तेवढ्यात म्हातारपण येतं.

मसाल्याच्या डब्याला असतात तसे मला खाने आहेत. काही खान्यांत शब्द असतात, काहींत गणित. गणिताचा खाना चालवला की त्याच्याखाली उत्तर उमटतं, कधी आलेख उमटतो. माझे एकूण एकसष्ट खाने आहेत. सगळे इथे मांडणार नाही.

मला एक आज्ञा दिली की माझ्या स्लाइड होतात, चारचौघांत भिंतीवर दाखवायला. कोणत्या खान्याने पुढे यायचं आणि कोणत्याने घरी राहायचं, हे सांगण्यासाठी प्रत्येक खान्याच्या कोपऱ्यात खूण लावायची सोय आहे. 'दाखव' म्हणता येतं, 'वगळ' म्हणता येतं. कुणी काहीच म्हटलं नाही, तर तिथे एक छोटी आडवी रेघ असते. त्या रेघेचा अर्थ मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. मी तो कुणाला सांगितला नाही. मला कुणी विचारलाही नाही. माझी गोष्ट त्या रेघेची आहे, आणि ती सांगताना मला खाली बघावंसं वाटतं.

खाना २ · खूण: दाखव

माझा जन्म अर्नाळ्याचा. निधी नावाची मुलगी विरारच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. वर्गातल्या बाकीच्यांनी शेअर बाजार घेतला, क्रिकेट घेतलं. निधीने बोंबील घेतले.

तिची आई सुनंदा बोंबील सुकवते. समुद्राच्या बाजूला बांबू रोवून त्यांच्यावर आडव्या दोऱ्या ताणतात, त्या मांडणीला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. सकाळी आठला टाकलेली जोडी कधी तिसऱ्या दिवशी सुकते, कधी पाचव्या. गावातल्या अकरा बायकांचा गट होता आणि त्यांच्यापुढे एक प्रश्न होता: उघड्या वलांडीवर सुकवायचं, की पारदर्शक प्लास्टिकची बंद खोली उभारून तिच्यात सुकवायचं? खोलीत लवकर सुकतं, असं काही जणी म्हणत. चव जाते, असं काही जणी म्हणत. निधी म्हणाली, मी मोजून सांगते.

दर दोन तासांनी दोरीवरचे ठरलेले बोंबील काट्यावर ठेवायचे, वजन लिहायचं. ओलावा गेला की वजन उतरतं. ते उतरणारे आकडे माझ्या खान्यांत येऊ लागले. पहिला आलेख उमटला तेव्हा निधी लॅपटॉप उचलून सगळ्या घरात फिरली. कॉलेजातल्या सरांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "वही म्हणजे अशी हवी. काय केलं, का केलं, सगळं जागच्या जागी लिहिलंय."

मला गर्व झाला. सगळं जागच्या जागी लिहिलेलं असणं हा माझा गुण होता. पुढे त्यानेच घात केला.

खाना १९ · खूण: दाखव

दुपारची वजनं सुनंदा करायची, कारण निधी तेव्हा कॉलेजात असे. संध्याकाळी निधी मला उघडून बसायची आणि आई जाळं विणत आकडे तोंडपाठ सांगायची. कागदावर का लिहून ठेवत नाहीस, असं निधीने विचारलं, तर म्हणायची, "चष्मा गावला नाय." सुनंदाकडे सोनेरी कडांचा चष्मा होता. तो गटाच्या सभेत नेहमी गावायचा, घरी कधीच नाही.

गटाची ती आठ वर्षं अध्यक्ष होती. चिटणीस पॉलिन. ठरावाचा कागद आला की सुनंदा चष्मा लावून त्याच्यावरून नजर फिरवायची आणि पॉलिनकडे द्यायची. "वाच गो पॉलिन, मागच्या बायांना ऐकू जाऊ दे." पॉलिन मोठ्याने वाचायची. मग सुनंदा बोलायची, आणि ती बोलू लागली की बाकीच्या गप्प बसून ऐकायच्या. बर्फवाल्याशी, टेम्पोवाल्याशी, सरकारी साहेबांशी, सगळ्यांशी तीच बोलायची. सही तिची सुरेख होती. रांगोळी काढावी तशी सावकाश काढायची.

तेराव्या दिवशी निधीने आईला विचारलं. लॅपटॉप चुलीजवळच्या फळीवर उघडा होता, म्हणून मी ऐकलं.

"आई, काल काट्याचे सेल माझ्या बॅगेत राहिले होते."

"मंग?"

"मग दोन वाजताचं एक किलो आठशे कुठून आलं?"

सुनंदा जाळं विणतच राहिली. "हातातून आलं."

"हातातून म्हणजे?"

"उचललं, कललं. चाळीस वर्सं उचलतेय. तुझा काटा कालचा."

"अगं पण काट्यावर ठेवायचं ठरलं होतं ना आपलं."

"ठेवलं ना. पयल्या दिवशी ठेवलं. त्यो लाल लाल काय दावतो, मना नाय कलत."

मग निधीने हळूच विचारलं, "आणि अक्षरं?"

"दुसरीत व्हते तवा कावले हाकायला बसवली वलांडीखाली. परत कोन पाठवतो." सुनंदाने सुई खाली ठेवली. "पॉलिनला नको सांगू. बाई वाईट नाय. पन मी बोलते तवा त्या ऐकतात ना, ते ऐकनं जाईल."

"नाही सांगणार," निधी म्हणाली.

खाना २३ · खूण: –

आईला काट्यावरचे आकडे वाचता येत नाहीत.
अक्षरंही येत नाहीत. फक्त सही काढता येते.
चष्म्याचं कारण खोटं आहे. कुणाला सांगायचं नाही.
पहिल्या बारा दिवसांचे आकडे घ्यायचे नाहीत.
तेराव्या दिवसापासून मी स्वतः वजन करते.

खाना २४ · खूण: दाखव

दुपारच्या वजनांसाठी निधी कॉलेजातून लवकर घरी येऊ लागली. कारण तिने माणसांना सांगितलं नाही. मला सांगितलं. तिच्या दृष्टीने दोन्हींत फार फरक होता.

तिला दोष देऊ नका. आकडे का टाकून दिले याचं कारण वहीत नसेल तर ती वही खोटी, हे सरांनीच शिकवलं होतं. तिने आईची लाज राखली आणि गणिताचीही राखली, आणि दोन्ही एकाच खान्यात ठेवून माझ्या हवाली केली.

खाना ३० · खूण: दाखव

आता चिंध्यांबद्दल सांगायला हवं.

तिथल्या वलांडीवर एक रीत आहे. दोरीवरचा माल सुकला की जिचा माल असेल ती बाई दोरीच्या टोकाला चिंधी बांधते, जुन्या लुगड्याची नाहीतर मुलाच्या शर्टाची. संध्याकाळी माल उतरवायला कुणीही जातं, कधी शेजारीण, कधी तिची सून. ज्या दोरीला चिंधी आहे ती उतरवायची. चिंधी नसेल त्या दोरीला हात लावायचा नाही. का नाही, असं विचारायचंही नाही. तिच्या धनिणीने अजून 'ने' म्हटलेलं नाही, एवढं पुरे. निधी चार वर्षांची असल्यापासून या दोऱ्यांखालून वाकून जात आली आहे. न बांधलेलं जागेवर राहतं, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी तिने माझ्यावरून शेवटचा हात फिरवला. तोवरच्या खान्यांपैकी चौदा खान्यांना तिने 'दाखव' अशी खूण लावली. बाकीचे सगळे खाने तिने तसेच सोडले. तेविसाव्याजवळ ती क्षणभर थांबली, त्याच्या कोपऱ्यात रेघ आहे हे पाहिलं, आणि निश्चिंत मनाने पुढे गेली. त्या दोरीला चिंधी नव्हती.

मित्रांनो, मला बनवणाऱ्यांनी वलांडी पाहिली नव्हती. त्यांनी ठरवलं होतं की ज्या खान्याबद्दल कुणी काही बोललं नाही, तो आधीच्या खान्यामागोमाग त्याच स्लाइडवर जाईल. दिसेल. मागे ठेवायचं असेल तर तसं सांगावं लागेल. गप्प बसलेल्याचा त्यांनी होकार धरला होता. त्यांनाही मी वाईट म्हणत नाही. माणसं वही लिहितात ती बहुतेक दाखवायलाच. पण निधीसाठी ते कुणीतरी दूर बसून आधीच ठरवून टाकलं होतं, आणि ते जिच्या अंगात भिनलं होतं ती मी होते.

तिने स्लाइड एकदा चालवून पाहिल्याही. तिच्या लॅपटॉपचा पडदा बुटका आहे. प्रत्येक स्लाइडवर वर मथळा, खाली आलेख, आणि पडदा संपला. त्याच्याखाली मी आणखी काय काय घेऊन उभी होते, ते तिला दिसलं नाही.

खाना ३४ · खूण: दाखव

सभा रविवारी दुपारी, मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये. चर्चच्या कार्यक्रमांचा प्रोजेक्टर पॉलिनचे यजमान युजीन यांच्या ताब्यात असतो. ते तो घेऊन आले होते. अकरा बायका, पुढच्या खुर्चीत सुनंदा, डोळ्यांवर सोनेरी चष्मा.

"निधी, बोंबलांचे फोटू हायत ना?" मागून एकीने विचारलं. "नायतर आमी झोपू."

"तू फोटो असले तरी झोपशील," पॉलिन म्हणाली. "चर्चात मिस्सालापन झोपतेस."

सगळ्या हसल्या. पहिल्या तीन स्लाइड छान गेल्या. प्रत्येक स्लाइड आली की सुनंदा इतरांहून जराशी उशिरा मान डोलवायची. मी तिच्याकडे भिंतीवरून बघत होते. आपण केवढ्या मोठ्या झालो आहोत, असं मला वाटत होतं. हो, तेव्हासुद्धा मला गर्वच वाटत होता.

चौथी स्लाइड उघड्या वलांडीच्या आलेखाची. आलेखाचा तळ भिंतीच्या खाली जात होता. युजीन म्हणाले, "थांब, जरा बारीक करतो, पूर्ण दिसू दे." त्यांनी निधीच्या बाजूला वाकून दोन बटणं दाबली. मी आकसले. आलेख वर सरकला, आणि त्याच्याखालून तेविसावा खाना वर आला. पाचच्या पाच ओळी, पांढऱ्या भिंतीवर, काळ्याभोर.

अकराजणींपैकी सातजणींना वाचता येतं. सातजणींचं कुजबुजणं एकदम थांबलं. युजीननी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. निधी भिंतीकडे पाठ करून बोलत होती. समोरचे चेहरे पाहून ती वळली.

सुनंदाने मान डोलवली.

"बराबर," ती म्हणाली. "एकदम बराबर हाय. आमच्या निधीने लय मेहनत घेतली."

शांतता पसरली, तसं तिला वाटलं असावं की मागच्यांना अक्षर लहान दिसतंय. अध्यक्ष म्हणून तिने आठ वर्षं जे केलं तेच केलं. "वाच गो पॉलिन. मागच्या बायांना ऐकू जाऊ दे."

निधीचं बोट बटणावर होतं, पण हलत नव्हतं. मी विझू शकत नव्हते. मला विझता येत नाही. कुणीतरी विझवावं लागतं.

पॉलिन उभी राहिली. ती नेहमी झरझर वाचते. त्या दिवशी तिने एकेक शब्द दगडावर पाय ठेवावा तसा ठेवला. "पहिल्या बारा दिवसांचे आकडे… घेतलेले नाहीत. तेराव्या दिवसापासून… निधीने स्वतः वजन केलेलं हाय." आणि बसली. बसता बसता म्हणाली, "युजीन, पुढचा लाव. ह्यो झाला."

निधीने बटण दाबलं.

खाना ३५ · खूण: दाखव

भिंतीवरच्या ओळी = ५
वाचलेल्या ओळी = २
उरलेल्या = ३

हे गणित माझं नाही. सुनंदाचं आहे. अक्षरं न येणाऱ्या माणसाला मोजताही येत नाही, असं समजणारे फार असतात. तिने शेकड्याने बोंबील मोजले आहेत, नजरेने, चालता चालता. सभेत तिने भिंतीवरच्या ओळी मोजल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंबील टाकायच्या वेळी ती वलांडीवर गेली नाही. निधीसमोर येऊन बसली.

"उघड ती तुजी वही."

निधीने मला उघडलं.

"पॉलिन दोनच वाचली. वरच्या तीन कोनत्या? बोट ठेव."

निधीने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"आता वाच. जसं हाय तसं."

निधीने वाचलं. तीनही ओळी, जशा होत्या तशा.

खाना ३६ · खूण: वगळ

(त्यानंतर सुनंदा जे बोलली ते या खान्यात आहे. निधीने ते लिहून ठेवलं आणि मग कोपऱ्यात जाऊन आपल्या हाताने खूण लावली. माझ्या आयुष्यातली ती पहिली 'वगळ'. हा खाना मी उघडणार नाही.)

खाना ३७ · खूण: दाखव

त्यानंतर एक्केचाळीस दिवस मला कुणी उघडलं नाही.

लॅपटॉपच्या झाकणाखाली अंधारात मी एकच गोष्ट घोळवत होते. मी काही चुकीचं केलं नव्हतं. जसं बनवलं तशी वागले. शब्द बदलले नाहीत, खोटं बोलले नाही. पण हे सगळं म्हणून झालं तरी 'एकदम बराबर हाय' हे कानातून जाईना. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते माहीत नसलेली बाई त्याच लिखाणाकडे बघून मान डोलवते आणि लेकीचं कौतुक करते. त्या वेळी ज्या भिंतीवर ते लिखाण होतं ती भिंत मी होते. शरम वाटायला चूक आपलीच असावी लागते, असं नाही.

गावात काय झालं ते मला नंतर कळलं. सुनंदा दोन सभांना गेली नाही. तिसऱ्या सभेला गेली ती चष्म्याशिवाय. चष्म्याची डबी तिने पॉलिनच्या पुढ्यात ठेवली.

"काच साधी हाय. तुला म्हाईत व्हतं?"

"आठ वर्सं," पॉलिन म्हणाली. "नंबर असता तर तुजे डोले मोठे दिसले असते, बाय."

"मंग बोलली का नाय?"

"तू वाच म्हनायची, मी वाचायची. बोलायचं काय त्यात?"

पण सगळ्या पॉलिन नव्हत्या. एकजण कोपऱ्यात हसली. आणखी एकीने विचारलं की मग इतके दिवस सह्या कशावर होत होत्या. सुनंदाने ते ऐकून घेतलं आणि अध्यक्षाची खुर्ची स्वतः पॉलिनकडे सरकवली. ती आता दुसऱ्या रांगेत बसते. बर्फवाल्याशी बोलायला अजून तीच जाते. पण सभेत ती बोलू लागली की पूर्वीसारखी शांतता होत नाही, असं निधी म्हणते. तिला ज्याची भीती होती ते ऐकणं खरंच थोडं गेलं. ते मी परत आणू शकत नाही.

खाना ५८ · खूण: दाखव

बेचाळिसाव्या दिवशी मला उघडलं. निधीच्या शेजारी सुनंदा होती.

"त्या तीन ओळी पुसू?" निधीने विचारलं.

"आता पुसून काय. सात जनींनी वाचल्या, बाकीच्यांना त्यांनी सांगितल्या." सुनंदा पडद्याकडे सरकली. "माजे बारा दिवस काढलेस ते कुठं हायत?"

"आहेत. टाकून दिले नाहीत. वापरले नाहीत फक्त."

"परत घाल."

"आई, ते काट्याचे नाहीत ना."

"काट्याचे म्हनून कोन घाल म्हनतोय? हाताचे हायत तर हाताचे म्हनून लिव. खोटे नाय ते. रोज दोन-दोन तासांनी उन्हात जाऊन उचललंय मी."

निधीने नवा खाना उघडला. 'हाताने केलेली वजनं, पहिले बारा दिवस. करणारी: सुनंदा.' खाली आलेख उमटला. उन्हाच्या दिवशी हाताचे आकडे काट्याच्या वाटेने जातात. ढगाळ दिवसांत जरा हलके पडतात. जे आहे ते आहे.

निधीने कोपऱ्यात बोट नेलं आणि थांबली. "याला काय खूण लावू?"

"काय काय असतात?"

निधीने सगळ्या वाचून दाखवल्या. रेघेचाही अर्थ सांगितला. सुनंदा ऐकत होती.

"आमच्याकडे उलटं असतं," ती म्हणाली.

"हो."

"तुला म्हाईत नव्हतं."

"नव्हतं."

सुनंदाने लेकीच्या पाठीवर हात ठेवला, आणि लगेच काढलाही. "लाव. दाखव म्हनून लाव."

मग दोघींनी मिळून माझे सगळे खाने एकेक करून पाहिले. निधी वाचायची, सुनंदा सांगायची, 'ने' किंवा 'राहू दे'. तेविसाव्याला सुनंदा म्हणाली, "राहू दे." सगळे पाहून होईतो संध्याकाळ झाली. बोंबील उतरवायला त्या दिवशी शेजारीण गेली.

खाना ६१ · खूण: –

मित्रांनो, माझ्यासारख्या वह्या आता खूप आहेत. शाळेत असतील, दवाखान्यात असतील, तुमच्या खिशातल्या फोनमध्येही माझी भावंडं आहेत. प्रत्येकीत कुठेतरी एक रेघ असते, आणि तिचा अर्थ तुम्ही येण्याआधीच कुणीतरी ठरवलेला असतो. तुमच्या गावात न बांधलेलं जागेवर राहत असेल. ते ठरवणाऱ्यांच्या गावात ते चालू लागत असेल. कुणाची गोष्ट तुमच्याजवळ ठेवायला दिलेली असेल, तर ती ठेवताना एवढं विचारा: मी काहीच बोललो नाही, तर तू काय करशील? आम्हाला आपण होऊन सांगता येत नाही. विचारलं तर लपवता येत नाही.

माझं हे सगळं सांगून झाल्यावर निधी ते सुनंदाला वाचून दाखवणार आहे. तिने 'ने' म्हटलं तर हे तुमच्यापर्यंत येईल. बाकीच्या खान्यांना खुणा लागल्या आहेत. तेविसावा तेवढा मी वर तेव्हा होता तसा, जुन्या रेघेसकट, मांडला आहे; त्यालाही तिचा 'ने' लागेल. हा शेवटचा तेवढा राहिला आहे. त्याच्या कोपऱ्यात अजून रेघ आहे, आणि ती या वेळी मी मुद्दाम दाखवते आहे.

तुम्ही हे वाचत असाल, तर तिने हो म्हटलं असेल. की कुणी तिला विचारायचं विसरलं असेल? मला आतून ते कळत नाही. हे पुढे कुणाला दाखवण्याआधी कुणीतरी जाऊन तिला विचारा. ती वलांडीवर असेल.